मी, शाळेसमोरचा हलक्या आवाजाचा रस्ता

मी बोलतोय ते ऐकू येतंय ना? येत नसेल तर थोडं खाली वाका. मोठ्यानं बोलणं मला जमत नाही. खरं तर मोठ्यानं न बोलण्यासाठीच मला जन्माला घातलं आहे.

मी एक रस्ता आहे. लांबी फक्त तीनशे मीटर. बेळगावात शहापूर मागं टाकून थोडं पुढं आलात की उजव्या हाताला एक मराठी शाळा लागते आणि डाव्या हाताला बैठ्या घरांची ओळ. त्या दोन्हींच्या मधे मी पसरलेलो आहे. तुम्ही गाडीवरून जात असाल तर मी कुठं सुरू झालो हे डोळ्यांना कदाचित कळणार नाही. कानांना कळेल. एकाएकी वाटेल, गाडीचं काही बिघडलं का? आवाज का कमी झाला? तिथं मी सुरू होतो. पुन्हा घरघर ऐकू आली की समजा, मी संपलो.

माझ्या पोटाखाली माझा थोरला भाऊ आहे, काँक्रीटचा रस्ता. तो माझ्या आधी सात वर्षं इथं उन्हातान्हात पडून होता. अंगानं भक्कम, स्वभावानं सरळ. गाड्या घसरू नयेत म्हणून त्याच्या पाठीवर आडव्या खाचा पाडल्या होत्या. त्या खाचांवरून चाकं धावली की 'घूंऽऽ' असा लांबलचक आवाज निघायचा. दुचाकीचा 'घूं' वेगळा, बसचा वेगळा, निपाणीकडून आलेल्या लॉरीचा तर पोटात शिरणारा. आणि शाळेच्या खिडक्या नेमक्या रस्त्याकडं. आठवी-नववीचे वर्ग अगदी कडेला.

माझ्या जन्माआधीच्या सगळ्या गोष्टी मला या थोरल्यानंच सांगितल्या. सांगताना त्यानं स्वतःची बाजू कधी सावरून घेतली नाही. म्हणाला, "माझ्यामुळं एका बाईंचा आवाज जायची वेळ आली होती. तू कुणाला आपली गोष्ट सांगितलीस तर हे आधी सांग."

म्हणून आधी सांगतो.

त्या बाई म्हणजे विद्युल्लताबाई. या शाळेत चोवीस वर्षं मराठी शिकवतात. खिडक्या बंद केल्या तर पन्नास मुलांच्या वर्गात जीव गुदमरायचा, उघडल्या तर 'घूं' आत यायचा. मग बाई आवाज चढवायच्या. एक ट्रक आला की थोडा, त्याच्या मागून दुसरा आला की आणखी थोडा. संध्याकाळी घरी जाईपर्यंत घशात काही उरायचं नाही. पोळ्या किती करू, हेसुद्धा घरच्यांना कागदावर लिहून विचारायच्या.

शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर दोन बारीक गाठी होत्या. "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे हळू बोलणं," ते म्हणाले. "असंच ओरडत राहिलात तर ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा होईलच असं मी सांगू शकत नाही."

मुख्याध्यापक सुहास सर मनानं चांगले. तेही काय करणार? मागच्या बाकांवरच्या मुलांना बाईंचं शिकवणं ऐकू येत नाही, अशा पालकांच्या तक्रारी येत होत्या. एक दिवस शाळेच्या फाटकाशी उभं राहून ते बाईंना म्हणाले, "एप्रिलपर्यंत बघू, बाई. तोवर आवाज सुधारला नाही, तर जूनपासून तुम्ही ग्रंथालय सांभाळा. वर्गाला दुसरं कुणीतरी बघतो."

"सर, पुस्तकांना मी काय शिकवू?" बाई म्हणाल्या. तेवढ्यात एक बस गेली आणि सरांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणालात?"

बाईंनी मान हलवली. पुन्हा बोलल्या नाहीत.

हे सगळं समोरच्या दारातून एक जण पाहत होती. तिचं नाव अक्काताई. ती मूळची खानापूरकडची, लग्न होऊन इथं आलेली. परसात दोन म्हशी, मुलगा ओमकार कारखान्यात कामाला, नात आरोही बाईंच्याच वर्गात आठवीत. अक्काताई स्वतः दुसरीच्या पुढं शिकली नाही. पण सकाळची कामं आटोपून उंबऱ्यावर भाजी निवडायला बसली की रस्त्यापलीकडून बाईंचं शिकवणं, दोन गाड्यांच्या मधे जेवढं सापडेल तेवढं, ती ऐकायची. अशी तिची बरीच वर्षं शाळा चालली होती.

बाईंच्या घशाचं कळल्यापासून मधल्या सुट्टीत ती हळद घातलेलं गरम दूध घेऊन शाळेत जायची.

"अहो अक्काताई, रोज कशाला?"

"बोलू नगा म्हटलं की. गप पिऊन टाका. बोलायचं काम माझ्याकडं लागलंय. मला बघा, डॉक्टर बी थांबवू शकत न्हाय."

सप्टेंबरातली गोष्ट. एक तरुण माणूस तीन पायांच्या तिकाटण्यावर लहानसं यंत्र लावून रस्त्याच्या कडेला उभा होता. अक्काताई हातातलं सूप टाकून तरातरा पुढं गेली.

"काय रं, काय मोजायलास? रस्ता रुंद करणार हाईसा काय? माझं घर आदीच बारकं हाय. त्याला हात लावलास तर बघ."

"घर नको मला, आज्जी," तो कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. "आवाज मोजायलोय."

"आवाज? त्याला मिशीन कशाला लागतंय? कान हाईत की."

"कान खरं सांगतात आज्जी, पण कागदावर सही करत न्हाईत."

अक्काताईला हे उत्तर आवडलं असावं. तिनं त्याला चहा दिला आणि सगळी माहिती काढून घेतली. त्याचं नाव नागेंद्र. तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता. कमी आवाजाचा रस्ता कसा करायचा यावर त्याचा अभ्यास चालला होता, आणि शहरात कुठंही तीनशे मीटर रस्ता करून बघायची परवानगी त्याला मिळाली होती. त्यानं जागाही जवळजवळ ठरवली होती, त्याच्या कॉलेजसमोरची. इथं तो नुसता तुलनेसाठी मोजायला आला होता.

अक्काताईनं त्याचा दंड धरला आणि त्याला रस्ता ओलांडून शाळेच्या खिडकीखाली नेलं. "हितं मोज."

आत विद्युल्लताबाई शिकवत होत्या. मान ताणलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. बाहेर साखर कारखान्याचा एक ट्रक चालला होता. नागेंद्र यंत्राकडं पाहत होता, मग बाईंकडं, मग पुन्हा यंत्राकडं. ट्रक गेला, मागून दुसरा आला. बाईंचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द एकही येत नव्हता.

त्यानं यंत्र पिशवीत घातलं. जाताना म्हणाला, "आज्जी, कॉलेजसमोर पोरांना तसंबी काय ऐकायचं नसतंय."

अशी माझी जागा ठरली. आजही मला वाटतं, एका म्हातारीनं एका अनोळखी माणसाचा दंड धरला नसता तर मी कुठंतरी कॉलेजच्या फाटकासमोर पडलो असतो. मला बाई भेटल्या नसत्या.

दसऱ्याच्या सुट्टीत माझा जन्म झाला. इतर रस्त्यांत लहानमोठी खडी आणि भरपूर वाळू असते. माझी खडी सगळी एकाच मापाची, शेंगदाण्याएवढी, आणि वाळू नावाला. त्यामुळं खड्याखड्यांत बारीक पोकळ्या राहिल्या. चुरमुऱ्याचा लाडू मधोमध फोडून बघा. तसा मी आतून आहे. आणि माझ्या डांबरात जुन्या टायरांचा चुरा मिसळला. त्यात निपाणीच्या तंबाखू वाहणाऱ्या लॉऱ्यांचे टायर होते, बोरगावच्या ट्रॅक्टरांचे होते. जन्मभर गोंगाट करत फिरलेली ती चाकं आता माझ्या अंगात मुकाट्यानं बसली आहेत.

माझं काम फार साधं आहे. गाडी धावते तेव्हा चाकाखाली हवा सापडते, दाबली जाते आणि सुटताना ओरडते. माझ्या अंगात तिला पळून जायला भोकं आहेत. वाट मिळाली की हवा ओरडत नाही. माणसांचंही असंच असतं का, ते मला ठाऊक नाही.

रोलर चालवायला आण्णाप्पा नावाचे एक जुने कारागीर होते. नागेंद्रनं त्यांना दोनच फेऱ्यांत थांबवलं तेव्हा ते रुसले.

"एवढंच दाबायचं? भाकरी कच्ची ऱ्हातीय, सायेब."

"जास्त दाबलं तर भोकं मरतात, अण्णा. ह्याचा जीव भोकांत हाय."

हे वाक्य नागेंद्र मोठ्यानं बोलला होता. ओळीतल्या बऱ्याच जणांनी ऐकलंही असेल. पण सुट्टीचे दिवस, निम्मी घरं गावाला गेलेली. अक्काताईही दसऱ्याला माहेरी गेली होती. ती तेव्हा इथं असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

सुट्टी संपून शाळा भरली. पहिल्या तासाला विद्युल्लताबाई वर्गात आल्या आणि सवयीप्रमाणं खड्या आवाजात म्हणाल्या, "पुस्तकं काढा!"

अख्खा वर्ग दचकला. साईराज नावाचा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "बाई, आम्ही हितंच हाय की."

सगळी मुलं हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खिडकीशी आल्या, गजांना धरून माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. एक बस माझ्यावरून गेली. एक टेम्पो गेला. बाईंनी वळून अगदी रोजच्या बोलण्याच्या आवाजात विचारलं, "मागं ऐकू येतंय?"

"येतंय, बाई."

नागेंद्रच्या यंत्रात आधीपेक्षा पाच आकडे, म्हणजे पाच डेसिबल, कमी आले. पाच म्हणजे थोडे वाटतात. पण नागेंद्र म्हणाला, रस्त्यावरच्या तीन गाड्यांतल्या दोन कुणीतरी उचलून नेल्या तर जेवढा आवाज उरेल, तेवढा आता उरलाय. हॉर्नचं मात्र मी काही करू शकत नाही, हे मी कबूल करतो. ते तुमच्या बोटात आहे.

दिवाळीपर्यंत बाईंच्या आवाजातली खरखर कमी झाली. आणि अक्काताईला वाटलं, आता या रस्त्याचे उपकार फेडले पाहिजेत.

तिच्याकडं उपकार फेडायची एकच रीत होती. रोज पहाटे ती अंगणात शेणाचा सडा घालायची, वर रांगोळी काढायची. आता तिनं बादली मोठी घेतली. शेणात माहेरची मूठभर लाल माती कालवली, म्हणजे सडा चांगला बसतो. आणि आपल्या दारापासून थेट शाळेच्या फाटकापर्यंत माझ्या अंगावर सडा घातला.

शेजारची मंगल दात घासत बाहेर आली. "आक्का, रस्त्यावर कशाला गं? आत्ता गाड्या येऊन तुडवतील."

"तुडवू दे. देवाच्या दारात सडा घालतोय न्हवं? बाईंचा आवाज कुणी परत दिला? ह्यानंच दिला. मग ह्याच्या अंगावर सडा नगो?"

मंगलला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिनंही घातला. पंधरा दिवसांत ओळीतली बाराही घरं माझ्यावर सडा-रांगोळी करू लागली. संक्रांतीला तर माझ्यावर एवढी मोठी रांगोळी होती की रिक्षावाले वळसा घालून जात होते.

मला कसं वाटलं सांगू? रस्त्याला आजवर लोकांनी काय दिलं आहे? थुंकी दिली, प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, शिव्या दिल्या. आणि इथं पहाटेच्या थंडीत बारा घरच्या बायका वाकून मला सजवत होत्या. मला कळत होतं की शेणमाती माझ्या भोकांत उतरते आहे. वरून चाकं ती आणखी आत दाबत होती. रोज थोडा थोडा मी आतून भरत चाललो होतो. मला बोलता येत नव्हतं हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी बोललो असतो का? लाड कुणाला नको असतात?

फेब्रुवारीत 'घूं' परत आला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंनी आवाज थोडा चढवला, मग आणखी थोडा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कविता म्हणून दाखवताना त्यांचा आवाज मधेच तुटला. वहीचं पान फाटावं तसा. पुढचे दोन तास त्यांनी फळ्यावर लिहून शिकवलं. त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी सुहास सरांच्या हातात एक चिठ्ठी दिली. जूनपासून मला वर्ग देऊ नये, असं तिच्यात लिहिलं होतं.

नागेंद्र यंत्र घेऊन आला. मिळवलेल्या पाच आकड्यांतले चार गेले होते. त्याचा चेहरा उतरला. टायरचा चुरा जास्त झाला असेल, डांबर वितळून खाली बसलं असेल, खडी निवडतानाच चूक झाली असेल, असं तो स्वतःशीच बोलत फिरला. बरोबर आलेले महापालिकेचे साहेब म्हणाले, "प्रयोग म्हणजे असंच असतंय. मे महिन्यात साधं डांबर मारून टाकू." अक्काताईनं पुढं केलेला चहाही नागेंद्रनं घेतला नाही.

मला त्या दिवशी ओरडून सांगावंसं वाटलं, याची काही चूक नाही. पण ओरडणं माझ्या अंगात नाही.

उन्हाळा लागला. नळाचं पाणी कमी झालं आणि टँकर फिरू लागले. एका सकाळी असाच एक टँकर आला. त्याची मागची तोटी गळत होती आणि माझ्यावर एका टोकापासून पाण्याची बारीक धार ओढत तो चालला होता. अक्काताई उंबऱ्यावर बसून ते वाया जाणारं पाणी बघत हळहळत होती. आणि बघता बघता तिचं हळहळणं थांबलं.

माझ्या टोकाला, जिथं घरं नाहीत, तिथं पाणी पडताक्षणी नाहीसं होत होतं. मी ते पीत होतो. पण घरांची ओळ सुरू झाली तशी धार जिरेना. तिच्या दारासमोर तर पाणी साचलं, डबकं झालं आणि ओघळून गटाराकडं गेलं.

अक्काताई उठली. आत जाऊन एक तांब्या पाणी आणलं आणि आरोहीला हाक मारली. दोघी माझ्या टोकाला गेल्या. अक्काताईनं पाणी ओतलं. क्षणात गायब. मग दारासमोर येऊन उरलेलं ओतलं. पाणी तसंच. शेणकटलेलं, वर आभाळ दाखवणारं.

"आज्जी," आरोही हळूच म्हणाली, "नागेंद्र सर म्हणालेते, रस्त्याला भोकं असतात म्हणून. सुट्टीत, रोलर फिरवताना. मी ऐकलेलं."

"मग मला का गं सांगितलं न्हाईस?"

"तू एवढ्या मनापासून सडा घालायलीस. कसं सांगू?"

अक्काताई उकिडवी बसली. तिनं नखानं माझ्या अंगातलं एक भोक कोरलं. लाल माती आणि शेण, दगडासारखं घट्ट. माझ्या अंगावर एक गरम थेंब पडला. तो जिरला नाही, त्यामुळं मला चांगला आठवतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओळीत कुणाचाच सडा नव्हता. अक्काताईनं रात्रीच घरोघर जाऊन सांगितलं होतं. मंगलनं विचारलं म्हणे, "मग हे सगळं तुझ्यामुळं झालं म्हणायचं, आक्का?" अक्काताई म्हणाली, "व्हय. माझ्यामुळं." साठ वर्षांच्या बाईला हे म्हणणं सोपं नसतं.

मधल्या सुट्टीत ती दुधाचा तांब्या न घेताच शाळेच्या फाटकाशी गेली. बाई बाहेर आल्या.

"बाई, तुमचा आवाज म्या घालवला."

सगळं ऐकल्यावर बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्ही मान द्यायला गेलात."

"मान कसला? म्या त्याच्या नाकातोंडात शेण कोंबलं."

बाईंना हसू आलं. हसताना खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी अक्काताईचा हात दोन्ही हातांत घेतला. "माझ्या आवाजासाठी रोज पहाटे कुणी उठत होतं, हेच मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता नागेंद्र सरांना सांगू या."

"त्यो काय म्हणंल?"

नागेंद्रनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. अक्काताईनं फोन कानापासून लांब धरला होता, शिव्या येतील म्हणून. मग तो म्हणाला, "आज्जी, महिनाभर मला झोप न्हाई. सगळं माझंच चुकलं म्हणून. तुम्ही मला वाचवलासा. आता उद्या काय करू नका, मी सांगतो तसं रविवारी करायचं."

रविवारी सकाळी माझी आंघोळ झाली. ओमकारनं मित्राच्या गॅरेजमधून गाड्या धुवायचा जोराचा पंप आणला. बाराही घरच्या बायका काथ्याचे ब्रश घेऊन आल्या. पंपानं घाण वर आली की नागेंद्रनं आणलेलं, घाण शोषणारं दुसरं यंत्र ती ओढून घेई, नाहीतर ती पुन्हा आत गेली असती. अर्धा रस्ता बंद ठेवायचा होता. गाड्या काही ऐकेनात. तेव्हा अक्काताईनं आपली म्हैस आणून माझ्या मधोमध उभी केली.

थोड्या वेळानं वाहतूक पोलीस आला. "ही म्हैस कुणाची?"

"माझी. तुमास्नी बोलवाय पोरगं दोनदा गेलतं. तुमी आला न्हाईसा, म्हणून हिला डूटीवर लावलं."

पोलीस आधी रागावला, मग टोपी काढून हसला, आणि दुपारी दोनपर्यंत म्हशीशेजारी उभा राहून गाड्या वळवत होता. त्याचं नाव मला कळलं नाही. त्याचेही आभार मानायचे राहून गेले, ते इथं मानतो.

पाणी अंगात शिरत होतं आणि महिन्यामहिन्यांची माती बाहेर येत होती. पाचव्या खेपेला अक्काताईनं तांब्याभर पाणी माझ्यावर ओतलं. मी ते प्यालो. ती पुढं सरकून पुन्हा ब्रश घासायला लागली.

गेलेल्या चार आकड्यांपैकी तीन परत आले. सगळे आले नाहीत. काही माती माझ्यात कायमची राहिली आहे.

शाळेचे शेवटचे दहा दिवस उरले होते. बाईंनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं दोन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी वर्गावर गेल्या. सुहास सर वर्गात गेले नाहीत. ते फाटकातून बाहेर आले आणि माझ्या कडेला, खिडकीपासून पंधरा पावलांवर उभे राहिले. त्यांच्या चपला मला जाणवत होत्या. एक ट्रक गेला, दोन दुचाक्या गेल्या, खानापूरची बस गेली. बाई समजावून सांगत होत्या, उंबऱ्यावर बसून एखादी आई सांगते तेवढ्याच आवाजात. आणि पंधरा पावलांवर, रस्त्याच्या कडेला, सरांना शब्द न शब्द कळत होता. समोर अक्काताई भाजी निवडायची विसरून ऐकत होती. तिच्याकडं बघून सरांनी मान डोलावली.

तास सुटल्यावर बाई फाटकाशी आल्या. सरांनी खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"ही मी वाचली नाही असं समजतो, बाई. जूनपासून नववीचा वर्ग तुमचा."

बाईंनी चिठ्ठी घेतली. बोलल्या काहीच नाहीत. या वेळी आवाज होता, तरीही.

मेमध्ये माझ्यावर साधं डांबर मारायचं ठरलं होतं. नागेंद्रनं सगळं लिहून दिलं, चूक कशानं झाली ते आणि तिच्यावरचा उपायही, आणि ते रद्द झालं. आता वर्षातून दोनदा माझी धुलाई होते, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दसऱ्याला. रांगोळी उंबऱ्यापाशीच असते. अक्काताई मात्र अजून पहाटे एक बादली माझ्यापर्यंत आणते. तिच्यात फक्त स्वच्छ पाणी असतं. नागेंद्र म्हणतो, ते चांगलंच आहे.

माझं आयुष्य फार नाही. सहा-सात वर्षांत माझी खडी सुटायला लागेल आणि मला खरवडून काढतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. रस्त्याला पुष्कळ लोक भेटतात, पण थांबून जीव लावणारे थोडे. मला ते भेटले. ज्या म्हातारीनं मला इथं आणलं, जिनं मला प्रेमानं कोंडलं आणि गुडघ्यांवर बसून पुन्हा मोकळं केलं, तिचा मी ऋणी आहे. चूक आपली असेल असं समजून झुरणाऱ्या त्या मास्तराचाही आहे. आणि कानांना सगळ्यात आधी काय ऐकू यायला हवं, हे ज्यांच्यामुळं मला कळलं त्या बाईंचाही.

तुमच्याकडं एवढंच मागतो. शेतातून येताना चाकांचा चिखल वाटेतच झाडून या. माझ्यावर बांधकामाची वाळू उतरवू नका. आणि इथून जाताना हॉर्नवरचा अंगठा थोडा उचला. कुणीतरी आत शिकत असतं. कुणीतरी बाहेरूनही शिकत असतं.

घंटा झाली. विद्युल्लताबाईंनी नववीच्या वर्गाचं दार उघडलं आहे. आता त्या बोलतील. मी गप्प बसतो.